लाईट गेल्यावर सोलारचं काय?

त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. शाळेत शिकवून घरी आलं की पर्स खुर्चीत टाकायची, आधी आण्णांच्या खोलीत डोकवायचं, मशीन चालू आहे ना ते बघायचं, मग मीटरजवळचा लाल दिवा बघायचा आणि त्यानंतर चपला काढायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. आण्णा एकदा म्हणाले, "कावून फिरायलीस माय? तू फिरती अन् धाप मला लागती." मी बसले, आणि चहा टाकायच्या निमित्तानं लगेच उठले.

आण्णा म्हणजे माझे वडील. वीज बोर्डात लाईनमन होते. दिंद्रुड आणि भोवतालच्या वस्त्यांवरचा एकेक खांब त्यांना माहीत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची फुफ्फुसं आवळत चालली आहेत असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. खोलीतलीच हवा ते ओढून घेतं, गाळतं आणि नाकातल्या नळीतून देतं. चालतं मात्र विजेवर. भेटायला येणारा प्रत्येक जण हटकून म्हणायचा, गावाला लाईट दिली अन् आता लाईटीवर जगायची पाळी आली. आण्णांना ते बोलणं आवडायचं नाही. ते तोंड भिंतीकडं करून झोपल्याचं सोंग घ्यायचे.

घरात आम्ही दोघंच. आई गेली. माझं लग्न मोडलं आणि मी परत आले, त्यालाही आता सोळा वर्षं होत आली. भाऊ पुण्यात असतो, रोज फोन करतो.

लाईट जाणं आमच्याकडं नवीन नाही. जुना इन्व्हर्टर तास-दीड तास मशीन ओढायचा, नंतर मोठा सिलिंडर लावायचा. पण एप्रिलमध्ये एका दुपारी असं वारं सुटलं की गावाबाहेरचे सात-आठ खांब आडवे झाले. लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. सिलिंडरचा काटा खाली खाली येत होता आणि मी दर दहा मिनिटांनी तो नखानं टिचकावून बघत होते, जसं काही टिचकी मारल्यानं तो वर जाणार होता. शेवटी शेजारच्यांनी गाडी काढली आणि माजलगावहून भरलेला सिलिंडर आणला. ते परत येईपर्यंतचा दीड तास मी अंगणात आणि खोलीत अशी येरझारा घालत होते. आण्णांचे ओठ निळसर दिसत होते. त्यांनी मला फक्त एकदाच विचारलं, "कुठला फीडर गेलाय?"

त्याच आठवड्यात मी ठरवलं, छतावर सोलार बसवायचं.

भावाला पटलं. तो म्हणाला, तीन ठिकाणची कोटेशनं घे, मी तुला तक्ता करून देतो. आणि त्यानं खरंच मोबाईलवर एक तक्ता पाठवला. कंपनी, पॅनेल किती, वॉरंटी किती, सबसिडी कोण आणून देणार, एकूण किंमत. मी तो शाळेत मधल्या सुट्टीत उघडून बघायचे. सगळे रकाने रिकामे असले तरी बघायचे.

पहिला माणूस बीडहून आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. बरोबर दोन माणसं. त्यांनी गच्चीची मापं घेतली, सावली कुठून पडते ते विचारलं, पाण्याच्या टाकीचे फोटो काढले. आण्णा खाली पलंगावर बसून वरच्या पावलांचा आवाज ऐकत होते. त्यांना जिना चढता येत नव्हता. मी खाली आले तर म्हणाले, "तिघं हायत. एक जण नुसता उभाय." खरंच एक जण नुसता उभा होता.

मी त्या माणसाला विचारलं, "लाईट गेल्यावर सोलारचं काय? माझ्या वडिलांचं मशीन आहे घरात."

तो हसला. "ते सगळं सिस्टीम बघते म्याडम. तुम्हाला आता बिल विसरायचंय."

मी त्याचा अर्थ 'चालेल' असा घेतला. घ्यायचाच होता मला तो. गुळगुळीत कागदाची फाईल देऊन तो गेला. मी तक्त्याचा पहिला रकाना भरला आणि त्या दिवशी जरा शांतपणे जेवले.

दुसरा माजलगावकडचा. मोटरसायकलवर आला, खांद्यावर वायरचं भेंडोळं, बोलायला मोकळा. तो गच्चीवर पाच मिनिटंही नव्हता. खाली येऊन बियाण्याच्या कंपनीच्या पॅडवर त्यानं कोटेशन लिहिलं. बीडवाल्यापेक्षा चांगलं तीस हजारांनी कमी. मी त्यालाही तोच प्रश्न विचारला.

"बीडवाल्यानं सांगितलं न्हाई का तुमाला?" तो म्हणाला. "हे ऑन-ग्रीड असतंय ताई. बोर्डाची लाईट गेली की हे बी बंद. डोक्यावर किती का ऊन असंना."

मला खरं वाटेना. त्याच्या समोरच मी बीडला फोन लावला.

"हो म्याडम, नियमच आहे तसा," पलीकडून उत्तर आलं.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मी विचारलं होतं."

तो सबसिडीबद्दल बोलायला लागला. मी फोन ठेवला. ज्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं करत होते, तीच गोष्ट त्या फाईलमध्ये कुठंच नव्हती.

माजलगाववाला अंगणात उभा राहून हे ऐकत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, घाबरू नका. आमी जुळवून देतो. तुमचा जुना इन्व्हर्टर हाय ना? लाईट गेली की त्याचा करंट सोलारला दाखवायचा. सोलारला वाटतंय बोर्डाची लाईट आली. मंग ते चालू. मेन स्विच तेवढा आठवणीनं खाली पाडायचा, बस. दिंद्रुडात तीन घरी करून दिलंय. जाऊन बघा आमचं काम." आणि त्यानं त्या तीन घरांचे पत्तेही सांगितले.

मला तो माणूस आवडला. पहिल्यानं लपवलं ते यानं सांगितलं होतं आणि वर उपायही दिला होता. भाव कमी होता. मी त्याला म्हणाले, "करून टाका. सोमवारी या."

तो गेल्यावर मी आण्णांना सांगायला गेले. मशीनचा घुर्र-फस्स असा आवाज चालू होता. मी पलंगाच्या कडेला बसून, उत्साहानं, त्यानं सांगितलं तसंच सगळं सांगितलं. इन्व्हर्टर, मेन स्विच, सोमवार.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् स्विच पाडायचा राहिला तर?"

"नाही राहणार. मी आहे ना."

"तू शाळंत असती. दुपारी मी झोपलेला असतो. स्विच राहिला. मंग?"

"मग काय होईल?"

"करंट उलटा जातोय. मीटरमधून खांबावर, खांबावरून डीपीत." डीपी म्हणजे आमच्याकडं ट्रान्सफॉर्मर. "डीपीतून उलटा गेला की घरचा करंट अकरा हजार व्होल्टचा होतोय. अन् लाईट बंद हाय म्हणून वर माणूस चढलेला असतोय."

एवढं बोलून त्यांना दम लागला. मी नळी नीट केली. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुला पिठाची गिरणी आठवती का?" ते म्हणाले. "पेठंतली?"

आठवत होती. पण आम्ही तिथं दळण नेत नसू. गिरणी घरापासून शंभर पावलांवर असताना मी आणि भाऊ डोक्यावर डबा घेऊन दुसऱ्या गावच्या गिरणीत जात असू, तेही उन्हातान्हात. मी आईला विचारायचे, कावून? आई म्हणायची, तिथलं पीठ जाड येतं. लहानपणभर मला तेच खरं वाटत होतं.

आण्णांनी त्या दिवशी सांगितलं. थांबत थांबत, दोन वाक्यांनंतर श्वास घेत.

त्यांच्या हाताखाली एक झिरो वायरमन होता. झिरो म्हणजे बोर्डाच्या कागदावर नसलेला. काम लाईनमनइतकंच करायचं, पण हजेरीवर नाव नाही. आमच्याच गल्लीतला, आण्णांच्याच वयाचा, दोघं एका ताटात जेवायचे. एका सकाळी लाईनचा जोड तुटला होता. आण्णांनी सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घेतली. त्यांच्या हाताला तेव्हा जखम होती, म्हणून दोस्त म्हणाला, मी चढतो. त्यानं खालूनच विचारलं, बंद हाय ना?

"मी म्हनलं, बंद हाय, चढ," आण्णा म्हणाले.

गिरणीवाल्यानं लाईट नाही म्हणून जनरेटर लावला होता आणि मेन स्विच पाडायचा विसरला होता.

"खाली यायला त्याला येळ लागला न्हाई," आण्णा म्हणाले. त्यांनी दम घेतला. मग म्हणाले, "साखळी टाकून तारा जमिनीला बांधायच्या असत्यात चढायच्या आधी, म्हंजे उलटा करंट आला तरी जमिनीत जातोय. गाडीतच होती साखळी. घाईत ऱ्हायली. गिरणीवाला चुकला अन् मी बी चुकलो. त्याच्या बायकोला बोर्डाकडून काई मिळालं न्हाई. कागदावर नव्हताच ना तो."

इतकी वर्षं या माणसाबरोबर एका घरात राहून मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. त्या बाईला मी ओळखत होते. दर संक्रांतीला आई तिच्याकडं जायची आणि आण्णा घराबाहेर निघून जायचे.

मी उठून माजलगाववाल्याला फोन लावला आणि सोमवारी येऊ नका म्हणाले. त्याला राग आला. "सगळी करत्यात ताई तसंच. कुठं काय झालंय आजपस्तोर?"

फोन ठेवल्यावर वाटलं, झालं, एक चुकीची गोष्ट व्हायची राहिली. पण आण्णा आता माझ्यापेक्षा अस्वस्थ झाले होते. "तीन घरं म्हनला ना तो? कुठली?" त्यांना पत्ते सांगितले. त्यांनी डोळे मिटून कुठलं घर कुठल्या डीपीवर येतं ते मनात लावलं. "दोन एकाच डीपीवर हायत," ते म्हणाले. "जाऊन ये माय."

मी गेले. ओळख नसलेल्या घरी जाऊन तुमचं सोलार चुकीचं जोडलंय म्हणून कसं सांगायचं, हे मला स्कूटरवर बसल्यावरही ठरवता आलं नाही. पहिल्या घरच्या बाईनं सरबत दिलं, गच्ची दाखवली. मी विचारलं, "लाईट गेल्यावर स्विच कोण पाडतं?"

"सासूबाई पाडत्यात," ती म्हणाली. "कधी ऱ्हातंय बी. काई होत न्हाई."

मी तिला आण्णांनी सांगितलेलं सांगितलं. ती ऐकत होती, पण मध्येच तिची नजर माझ्या हातातल्या रिकाम्या ग्लासाकडं गेली आणि मला कळलं की मी जावं असं तिला वाटतंय. दुसऱ्या घरी मालक भेटले. ते म्हणाले, "आण्णांनी निरोप दिलाय तर उद्याच काढून टाकतो ते." तिसऱ्या घराला कुलूप होतं. मी तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा कुलूप.

आण्णांनी हल्लीच्या लाईनमनला फोन लावला. स्पीकरवर ठेवला, कारण कानाशी धरून बोलताना त्यांना धाप लागायची. आधी ती तिन्ही घरं कुठली ते सांगितलं.

"तिथं उलटा करंट येऊ शकतोय," आण्णा म्हणाले. "साखळी टाकल्याबिगर चढू नको."

"म्हाईत हाय आण्णा. आमी टाकूनच चढतो."

"रोज?"

पलीकडून जरा उशिरा उत्तर आलं. "बहुतेक."

त्यानंतर माझी झोप उडाली म्हणावं तर ती आधीच नव्हती. फक्त काळजीत आता एक अनोळखी माणूस वाढला होता, खांबावरचा. वर्गात फळ्यावर गणित लिहिताना पंखा थांबला की मला दोन गोष्टी एकदम आठवायच्या, आण्णांची नळी आणि वर कुणी चढलंय का. पोरं माझ्याकडं बघत राहायची. मी हातातला खडू घेऊन तशीच उभी असायचे.

तिसऱ्या माणसाचा पत्ता माझ्याबरोबरच्या शिक्षिकेनं दिला. तिचं माहेर धर्मापुरीचं, तिथं त्यानं काम केलं होतं. परळीकडून यायचा होता. येतो म्हणाला त्याच्या दोन दिवसांनी आला. पन्नाशीचा, चेहऱ्यावर कायम वैताग. त्यानं गच्चीवर जायच्या आधी विजेची सहा महिन्यांची बिलं मागितली, मग आण्णांच्या खोलीत जाऊन मशीनच्या मागची, किती वीज लागते ते लिहिलेली पट्टी चष्मा काढून वाचली.

"हे किती तास चालतं?" त्यानं विचारलं.

"जवळजवळ दिवसभर," मी म्हणाले.

"मग ऑन-ग्रीड तुमच्या कामाचं नाही. बॅटरीवालं लागेल. महाग पडेल. नको असेल तर आत्ताच सांगा, मला परत जायला चाळीस किलोमीटर आहेत."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मशीनची पट्टी वाचली होती. आण्णा उशीला टेकून त्याच्याकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "लाईन गेली अन् पोलवर माणूस असला तर?"

तो माणूस स्टूल ओढून बसला. पहिल्यांदाच जरा निवांत झाला. "आण्णा, लाईन गेली की हे बोर्डापासून आपोआप तुटतं. स्विच पाडायचा प्रश्नच नाही. फक्त घरातली वेगळी काढलेली लाईन बॅटरीवर चालते. तुमचं मशीन, एक पंखा, दोन दिवे. बाकी घर अंधारात."

"दाखवशील?"

"बसवल्यावर दाखवतो."

त्याचं कोटेशन भावाच्या तक्त्यात भरलं तेव्हा ते सगळ्यांत खाली गेलं. किंमत जास्त, पॅनेल कमी, वीजबिलही पूर्ण शून्य होणार नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "अगं, तिघांत हाच वाईट दिसतोय." मी त्याला गिरणीची गोष्ट सांगितली. त्यालाही माहीत नव्हती. तो म्हणाला, "आपण डबा घेऊन जायचो ते त्याच्यासाठी होय?" आणि तक्त्याबद्दल पुन्हा बोलला नाही.

काम आठवड्यात व्हायचं ते महिनाभर लांबलं. लोखंडी पाय आले तर नट आले नाहीत. नट आले तर तो माणूस फोन उचलेना. मी दिवसातून चारदा फोन करायचे. एकदा त्यानं उचलला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही फोन केल्यानं बॅटरी लवकर येत नाही." मला राग आला, पण खरं होतं. पॅनेल गच्चीवर चढले तरी सोलारला लागणारा बोर्डाचा नवा मीटर बसेना, आणि त्याशिवाय काही चालू करता येईना. ऐन उन्हात ते निळे पत्रे नुसते तापत पडले होते आणि खाली जुना इन्व्हर्टर कण्हत होता. मी दोनदा बोर्डाच्या ऑफिसात जाऊन बसले. दुसऱ्या वेळी तिथल्या एका वयस्क क्लार्कनं आण्णांचं नाव ऐकलं आणि अर्ज वरच्या गठ्ठ्यात ठेवला.

मीटर बसला त्या दिवशी आण्णांनी हल्लीच्या लाईनमनला बोलावून घेतलं. खांबावरून आमच्या घराचा फ्यूज काढायला लावला. दिवाणखान्यातला दिवा विझला. आण्णांच्या खोलीतलं मशीन मात्र चालूच राहिलं, आवाजात खंडही पडला नाही. मी सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात आण्णा म्हणाले, "बाहीर बग."

त्यांच्या जुन्या पेटीतला टेस्ट लॅम्प मी बाहेर नेला होता. दोन बल्ब आणि दोन वायरी. लाईनमननं बोर्डाकडून आत येणाऱ्या तारांना तो लावला. बल्ब पेटले नाहीत. वायरी उलटसुलट करून पाहिल्या, पेटले नाहीत. मी आत येऊन सांगितलं. आण्णा म्हणाले, "अजून एकदा लावा म्हनावं." तीनदा लावून झाल्यावर त्यांनी मान हलवली. परळीचा माणूस दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा वैताग गेला नव्हता, पण निघताना तो आण्णांच्या पाया पडला.

मला वाटलं होतं, आता मी निवांत होईन. तसं काही झालं नाही. जुलैत एका दुपारी शाळेत पंखा थांबला. बॅटरी आहे, मशीन चालू असणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी व्हरांड्यात जाऊन आण्णांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. दहा मिनिटांत सात वेळा लावला असेल. शेवटी मुख्याध्यापकांना सांगून स्कूटर काढली. रस्त्यात दोन्हीकडं कापूस उगवून वर आला होता, आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं.

घरी आले तर मशीन चालू होतं. आण्णा उशीला टेकून बसले होते, नळी नाकात, मोबाईल हातात.

"कुणाला लावत होता एवढा वेळ?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"लाईनमनला. लाईन गेली ना. त्या कुलूपवाल्या तिसऱ्या घराच्या डीपीवर काम चाललंय म्हनं." ते मोबाईलकडंच बघत होते. "उचलंना गेलाय."

"वर चढला असेल."

"म्हणूनच तर," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.

मी चपला न काढताच त्यांच्याजवळ बसले. स्पीकरवर रिंग वाजत होती. सहाव्यांदा की सातव्यांदा तो फोन उचलला गेला. लाईनमनला धाप लागली होती. तो म्हणाला, "साखळी टाकलीया आण्णा. खाली उतरलो आत्ताच. पाच मिनिटांत लाईट येती."